जत्रा झाल्यावर बातमी देऊन काय उपयोग?

संपादक, सप्रेम नमस्कार.

मी तुमची जुनी वाचक, वाईची. बँकेतून रिटायर होऊन सहा वर्षं झाली. यंदा एप्रिल ते सप्टेंबरअखेर लेकीकडे इंग्लंडला होते, व्हिजिटर व्हिसावर एका वेळी सहाच महिने राहू देतात, ते जवळपास सगळे वसूल करून आले. लंडन वगैरे नाही हं. डर्बीशायर म्हणून मधला जिल्हा आहे, त्यातल्या डोंगराळ भागाला पीक डिस्ट्रिक्ट म्हणतात, १९५१ साली ब्रिटनमधलं पहिलं नॅशनल पार्क झालं ते हेच, त्यातलं एक शंभर-सव्वाशे उंबऱ्यांचं गाव. जवळचं बाजाराचं गाव बेकवेल, तिथे दर सोमवारी बाजार. आमच्या गावाचं नाव लिहीत नाही, लेकीने बजावलंय, "आई, इथे सगळे सगळ्यांना ओळखतात, नाव-बिव टाकू नकोस."

पत्र लिहायला बसले ते तिथल्या एका कागदामुळे. दर महिन्याच्या सुरुवातीला एक आजोबा काठी टेकत यायचे आणि दाराच्या फटीतून एक बारकी पुस्तिका आत ढकलायचे. एफोर कागद मधून दुमडलेला, बारा पानं, दोन पिना, काळा-पांढरा. पहिल्यांदा मला वाटलं पिझ्झाची जाहिरात आहे, रद्दीत टाकणार होते. मग चहा घेताना चाळायला घेतलं आणि त्या दिवशी माझा चहा गार झाला.

काय होतं सांगते. या महिन्यात कुठल्या रंगाचा कचऱ्याचा डबा कुठल्या आठवड्यात बाहेर ठेवायचा. फिरत्या लायब्ररीची गाडी कधी येणार आणि कुठे किती मिनिटं थांबणार. चर्चमध्ये फुलं ठेवायची पाळी कोणत्या रविवारी कुणाची (ईस्टरच्या आधीच्या लेंटच्या दिवसांत फुलं नाहीत, हेही लिहिलेलं). मेंढ्यांची पिल्लं जन्मायचा सीझन आहे, कुत्री पट्ट्याला बांधून फिरवा. गावात गॅसची पाइपलाइन नाही, घरं गरम ठेवायचं तेल टँकरने येतं, तर सगळ्यांनी मिळून एकदम ऑर्डर दिली की स्वस्त पडतं, कुणाला हवंय त्याने अमुक तारखेच्या आत कळवा. चर्चची घंटा वाजवायची प्रॅक्टिस बुधवारी संध्याकाळी, दोन नवे हात हवेत. शेवटी धुराडी साफ करणारा, प्लंबर आणि कुत्र्यांचे केस कापणारी बाई यांच्या जाहिराती. आणि एका चौकटीत, "बसस्टॉपचा बाक ज्या कुणी दुरुस्त केला त्याला थँक्यू, पुढे येऊन नाव सांगितलंत तर केक मिळेल."

हे सगळं वाचून झाल्यावर माझ्या डोक्यात आलं की अरे, ह्यातलं जवळपास सगळं अजून व्हायचंय. झालेल्या गोष्टींना अर्धं पान, बाकी साडेअकरा पानं भविष्यकाळात. कोण येणार, कधी, कुठे, किती माणसं हवीत, येताना काय आणायचं.

आणि आपल्या पेपरचं तालुक्याचं पान काढून बघा. राग मानू नका, मी ते पान रोज वाचते, तिथेही मोबाइलवर वाचायचे, आणि म्हणूनच बोलते. उत्साहात संपन्न. मोठ्या जल्लोषात साजरा. मान्यवरांच्या हस्ते. यावेळी अमुक, तमुक, फलाणे आदी उपस्थित होते. संपलं की हो सगळं! मी घरी बसून वाचतेय की काल आपल्या गल्लीच्या पलीकडे मोफत डोळे तपासणी झाली. काल! मोतीबिंदू माझ्या डोळ्यात अजून तसाच आहे.

तर त्या पुस्तिकेच्या जूनच्या अंकात एक ओळ होती, "वेल ड्रेसिंगसाठी पाकळ्या लावायला माणसं हवीत, अनुभवाची गरज नाही, चहा मिळेल." लेक म्हणाली, जा तू, तुला रांगोळी येते. गेले.

वेल ड्रेसिंग म्हणजे काय ते जरा सविस्तर सांगावं लागेल, कारण आपल्याकडे हे कुणाला माहीत असायचं कारण नाही, इंग्लंडमध्येसुद्धा ही मुख्यतः डर्बीशायरचीच रीत आहे. वेल म्हणजे दोर-पोहरा असलेली विहीरच असं नाही. डोंगरातून येणारा झरा, दगडी टाकं, कधी तर नुसता जुना नळ. उन्हाळ्यात गावं आपापली तारीख ठरवून अशा पाण्याच्या जागी फुलांच्या पाकळ्यांचं मोठं चित्र उभं करतात, पाण्याचे आभार मानायला. मे महिन्यात टिसिंग्टनपासून सुरुवात होते ती सप्टेंबरपर्यंत कुठे ना कुठे चालू असते. टिसिंग्टनचं असेन्शन डेला, म्हणजे ईस्टर धरून चाळिसावा दिवस, कायम गुरुवारच. आम्ही बघून आलो. तिथे कोणी म्हणतं १३४८-४९ च्या प्लेगमधून गाव वाचलं तेव्हापासून हे चालू आहे, कोणी म्हणतं नाही, १६१५ च्या दुष्काळात इथलं पाणी आटलं नाही म्हणून. दोन्ही गोष्टी तितक्याच ठामपणे सांगणारी माणसं आम्हाला एकाच चहाच्या टेबलावर भेटली.

आमच्या गावाचं होतं जुलैत. एका शेतकऱ्याच्या कोठारात काम. आधी आठवडाभर मोठमोठ्या लाकडी फळ्या ओढ्यात बुडवून ठेवतात, फुगायला, नाहीतर कोरडं लाकूड मातीतलं पाणी पिऊन टाकतं. फळ्यांवर शेकडो खिळे अर्धवट ठोकलेले, माती धरून राहावी म्हणून. माती म्हणजे चिकणमाती, त्यात मीठ आणि पाणी घालून पोरंसोरं गमबूट घालून तुडवतात, मिठाने ओल टिकते. मग इंचभर जाड थर लिंपायचा, त्यावर चित्राचा कागद ठेवून रेघांवरून टाचणीने टोचत जायचं, कागद काढला की मातीत नुसते ठिपके. आता सांगा, ठिपके बघितल्यावर मला घरच्यासारखं वाटणार नाही तर काय! ते ठिपके जोडायला आल्डर नावाच्या झाडाची काळी बारकी बोंडं एकेक करून दाबत जायचं, ती झाली काळी आउटलाइन. मग शेवाळ, झाडाची साल, बिया, पानं, जे टिकतं ते आधी. पाकळ्या सगळ्यात शेवटी, कारण त्या सुकतात.

मला निळ्या आभाळाचा तुकडा दिला. हायड्रेंजियाच्या पाकळ्या, टोपलीभर. मी सवयीने मधून सुरुवात केली आणि बाहेर बाहेर निघाले, आपण फुलांची रांगोळी काढतो तशी. पाचएक मिनिटांनी शेजारची बाई, वय ऐंशीच्या पुढे असेल, हळूच म्हणाली, "नो नो मी डक, बॉटम अप." (तिकडे सगळ्यांना मी डक म्हणतात, म्हणजे माझं बदक. बसचा ड्रायव्हरसुद्धा मला डक म्हणायचा, पहिल्या दिवशी मी जरा चमकलेच.) खालून वर का, तर ही रांगोळी जमिनीवर राहायची नाही, उभी राहायची आहे आणि वर पाऊस पडायचा आहे. खालची ओळ आधी, मग तिच्यावर थोडी चढवून वरची ओळ, कौलं शाकारतात तशी, म्हणजे पाणी पाकळीवरून पाकळीवर घरंगळत खाली जातं आणि मातीत मुरत नाही. मी माझं अर्धं आभाळ उपटलं आणि पुन्हा खालून लावलं. तीन दिवस, रोज चार-पाच तास. कंबरेचं काय झालं विचारू नका. कोठारात ओल्या मातीचा आणि चुरगळलेल्या पानांचा असा वास भरलेला होता की मला हरतालिकेच्या पत्रीचीच आठवण यायची.

शनिवारी बँड आला, व्हिकर म्हणजे चर्चचे पाद्री आले, पाण्यापाशी प्रार्थना झाली, पंधरा मिनिटं. कुणाचा सत्कार नाही, शाल नाही, भाषण नाही. आठवड्याभरात माती तडकते, पाकळ्या तपकिरी होतात, मग ते खरवडून टाकतात. आभाळ माझं पाच दिवस चांगलं निळं होतं.

युलग्रीव्ह म्हणून जवळ गाव आहे, त्याचं नाव नकाशावर वेगळं आणि गावकरी लिहितात वेगळं, यूलग्रेव्ह. तिथे १८२९ साली दरीच्या पलीकडून नळाने पाणी आणलं आणि गावाच्या मध्यावर एक गोल दगडी टाकं बांधलं, ते अजून उभं आहे. त्या पाण्याच्या आनंदात तिथलं वेल ड्रेसिंग सुरू झालं. आणि गंमत म्हणजे आजही त्या गावाची पाण्याची कंपनी गावाची स्वतःची आहे. आपल्याकडे नळ योजनेचं उद्घाटन दोनदा होतं आणि पाणी टँकरने येतं, असो, तो विषय वेगळा.

२९ मेला कॅसलटनला गेलो होतो, तिथे गार्लंड डे. १६६० मध्ये राजा दुसरा चार्ल्स परत आला त्या आठवणीचा दिवस. एक माणूस घोड्यावर, आणि त्याच्या डोक्यावरून कंबरेपर्यंत फुलापानांचा एक प्रचंड घंटेसारखा सांगाडा उलटा घातलेला, वीस-पंचवीस किलोचा, त्याचं तोंडसुद्धा दिसत नाही. गावातल्या पबांपुढे थांबत थांबत, बँड, नाचणाऱ्या मुली, अशी मिरवणूक, आणि शेवटी तो फुलांचा डोलारा दोराने चर्चच्या मनोऱ्यावर चढवतात आणि तिथेच सुकायला ठेवून देतात. मला एकदम आपलं बावधनचं बगाड आठवलं. म्हणजे साम्य काही नाही, कुठे ते शिडाएवढं लाकूड आणि बैलांच्या जोड्या आणि कुठे हे, पण गावातला एक माणूस त्या दिवसापुरता कुणीतरी वेगळाच होतो आणि अख्खं गाव त्याच्यामागे चालतं, ते तेच. फरक एवढाच की कॅसलटनचा रस्ता किती वाजता बंद होणार, गाडी कुठल्या शेतात लावायची, पाऊस आला तर काय, हे आम्हाला तीन आठवडे आधी आमच्या गावच्या पुस्तिकेतून कळलेलं होतं. दुसऱ्या गावच्या कार्यक्रमाचं!

आता ग्रामपंचायत. तिला तिथे पॅरिश कौन्सिल म्हणतात, १८९४ च्या कायद्याने झाली. सदस्यांना पगार नाही. मीटिंगची नोटीस कमीत कमी तीन पूर्ण दिवस आधी बोर्डावर लागलीच पाहिजे, असा नियम, आणि वर्षातून एकदा १ मार्च ते १ जूनच्या मध्ये गावसभा, तिच्यात कुठलाही मतदार उठून बोलू शकतो. मेमध्ये लेकीबरोबर जाऊन मागच्या खुर्चीत बसले. माणसं सतरा. बाकाला रंग हिरवा द्यायचा की तपकिरी यावर पस्तीस मिनिटं, मी घड्याळ लावून मोजली. कुत्र्यांच्या घाणीवर वीस. मग सुट्टीसाठी भाड्याने दिलेल्या घरांपुढच्या गाड्यांवरून आवाज चढले. म्हणजे तिथेही भांडतात, अगदी व्यवस्थित भांडतात. पण पुढच्या अंकात ती भांडणंही छापून आली, कोण कुठल्या बाजूने बोललं तेसुद्धा, सहा ओळींत. आपल्याकडे वर्षातून चार ग्रामसभा व्हायला हव्यात, त्यातल्या किती झाल्या आणि कधी होणार हे तुमच्या पानावर मी शेवटचं कधी वाचलं ते मला खरंच आठवत नाही.

सगळं छान छान आहे असं मुळीच म्हणत नाही मी. घरांच्या दारांशेजारी भिंतीवर आकडे फिरवायच्या छोट्या डब्या दिसतात, आत किल्ली असते, ती टुरिस्टांना भाड्याने द्यायची घरं. आमच्याच गल्लीत तशा सात डब्या मोजल्या. त्या घरांत चर्चच्या फुलांची पाळी कोण घेणार? तरुण पोरांना घर परवडत नाही, ती शहराकडे जातात. कोठारात पाकळ्या लावणाऱ्यांमध्ये मी पासष्टीची बाई तरुणांत मोडत होते! पुस्तिका काढणारे गृहस्थ अंकामागून अंक "कुणीतरी माझ्याकडून हे काम घ्या हो" असं पहिल्याच पानावर लिहीत होते आणि मी निघेपर्यंत कुणी घेतलं नव्हतं. तीच आठ-दहा माणसं सगळीकडे, चर्चमध्ये तीच, कौन्सिलात तीच, फुलांच्या प्रदर्शनात तीच, लाल टेलिफोनच्या जुन्या खोक्यात हृदय बंद पडलं तर शॉक द्यायचं मशीन ठेवलंय त्याची बॅटरी तपासायलाही तीच.

प्रदर्शनावरून आठवलं. ऑगस्टमध्ये गावचं भाजी-फुलं-खाद्यपदार्थांचं प्रदर्शन, त्याची नियमावलीच आठ पानांची. तीन गाजरं, पाल्यासकट, पाला इतक्याच लांबीचा. व्हिक्टोरिया स्पंज केक, आत फक्त रासबेरी जॅम, क्रीम चालणार नाही, वर बारीक साखर भुरभुरवलेली, आयसिंग नाही. चटणी, एक बाटली. मी लिंबाचं गोड लोणचं दिलं, मुरलेलं, आल्या आल्या एप्रिलमध्येच घातलेलं. दुपारी जाऊन बघते तर माझ्या बाटलीला कार्ड, एन.ए.एस. मला वाटलं काहीतरी बक्षीस! लेकीने सांगितलं, नॉट अ‍ॅकॉर्डिंग टू शेड्यूल. नियमात बसत नाही. एक तर हे चटणी नाही, लोणचं आहे, आणि दुसरं म्हणजे झाकणावर जुन्या जॅमच्या कंपनीचं नाव तसंच होतं, ते चालत नाही म्हणे. नियम कुठे छापला होता? जुलैच्या अंकात, पान सात. मी वाचलाच नव्हता. तक्रार कुणाकडे करणार!

निघायच्या आधी हार्वेस्ट सपर झालं, पिकांच्या आभाराचं जेवण, हॉलमध्ये लांब टेबलं लावून, आणि जेवणानंतर चर्चमध्ये आलेल्या भोपळ्या-कांद्यांचा लिलाव. एका दुधी भोपळ्यासारख्या प्रचंड फळावर दोन म्हातारे पाच पाच पेनी वाढवत इतके इरेला पेटले की हसून हसून पुरेवाट झाली. ऑक्टोबरचा अंक त्याच आठवड्यात पडला, तो बरोबर घेऊन आलेय. त्यात ५ नोव्हेंबरच्या होळीचं आहे (गाय फॉक्सची होळी, १६०५ चा पार्लमेंट उडवायचा कट फसला म्हणून), लाकूडफाटा कुठल्या शेतात कधीपासून आणून टाकायचा, जुने सोफे आणू नका, आणि पेटवायच्या आधी ढिगात काटेरी हेजहॉग झोपलेत का ते बघा. रिमेंबरन्स संडेला, म्हणजे युद्धात गेलेल्यांच्या आठवणीच्या रविवारी, स्मारकाच्या दगडावरची नावं कोण वाचणार. आणि नोव्हेंबरच्या मध्यापासून नाताळपर्यंत कुठल्या पबमध्ये कॅरोल गाणी कधी, त्या भागात ती चर्चपेक्षा पबमध्येच रंगतात म्हणे. ते सगळं माझं हुकलं, पण तारखा मला पाठ आहेत. वाईत बसून मला डर्बीशायरमधल्या पबच्या तारखा माहीत आणि पुढच्या आठवड्यात आपल्या कृष्णेच्या घाटावर काय आहे ते माहीत नाही.

तर मुद्दा एवढाच. तुमच्या तालुक्याच्या पानावर सत्कारांचे चार फोटो कमी करा आणि एक कॉलम द्या. रोज नको, दर रविवारी. पुढच्या सात दिवसांत तालुक्यात काय आहे. कुठल्या गावची जत्रा, छबिना किती वाजता, कुस्त्या कधी, एसटीच्या जादा गाड्या कुठून. ग्रामसभा कुठे, विषय कोणते. लसीकरणाचा कॅम्प, आधार अपडेटचा कॅम्प, कुठला रस्ता बंद, लाइट कधी जाणार. रंगपंचमीच्या आधीच्या रविवारी बावधनच्या बगाडासाठी गाड्या कुठे लावायच्या, म्हाताऱ्या माणसांनी कुठून बघावं, पाण्याची सोय कुठे. आणि "माणसं हवीत" अशी एक चौकट, घाट झाडायला, वाचनालयाची पुस्तकं लावायला, काही असो. तुम्ही म्हणाल व्हॉट्सअ‍ॅपवर असतं की हे सगळं. असतं, पण माझ्या अकरा ग्रुपांवर त्याच जत्रेच्या चार वेगळ्या वेळा येतात आणि वर दोनशे गुड मॉर्निंग.

माहिती गोळा करायला माणूस नाही असं तुमचे वार्ताहर म्हणतील, म्हणून आधीच सांगते, मी तयार आहे. बँकेतल्या आणखी दोन मैत्रिणी पण तयार आहेत, एकीचे गुडघे गेलेत पण फोन ती दिवसभर करू शकते. आम्ही गावागावांत फोन करून शुक्रवारपर्यंत यादी देऊ, टाइप करून, पैसे नकोत. कुणाला भेटायचं तेवढं कळवा. माझं नाव-पत्ता सोबत वेगळ्या कागदावर दिलाय, छापू नये.

आपली नियमित वाचक,
वाई, जि. सातारा

ता. क. त्या लोणच्याची एन.ए.एस. बाटली प्रदर्शन संपल्यावर परत घ्यायला गेले तर अर्धी रिकामी. दोन दिवसांनी पुस्तिकेवाले गृहस्थ काठी टेकत रेसिपी मागायला आले. सप्टेंबरच्या अंकात छापली, पान नऊ. मी दोन मोठे चमचे तिखट सांगितलं होतं, त्यांनी छापलं, "चिमूटभर, हवं असल्यास."